परदेशातल्या डॉक्टरचं बिल आणि विम्याचा क्लेम: खान्देशातून शिकायला गेलेल्यांसाठी

जळगाव, धुळे किंवा शहाद्यात ताप आला की केस पेपर काढायचा, डॉक्टरांची फी रोख द्यायची, शेजारच्या मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या, झालं. बिल मागायची सवय कुणाला नसते आणि मागितलंच तर कच्ची पावती हातात पडते. अमेरिकेत त्याच तापाचं बिल काही आठवड्यांनी पोस्टाने येतं, कधी एकाऐवजी तीन बिलं येतात, आणि विमा असूनही पूर्ण रक्कम आपल्याच नावावर दिसते. यातल्या बऱ्याच भानगडींचं मूळ दवाखान्याच्या काउंटरवर असतं. तिथे दहा मिनिटं जास्त थांबून योग्य कागद घेतला तर पुढचे दोन महिने फोनवर जात नाहीत.

हा मजकूर मुख्यतः अमेरिकेसाठी आहे, कारण सगळ्यात जास्त गुंता तिथेच आहे. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियाचं शेवटी थोडक्यात दिलं आहे.

आपल्याकडे नेमका कोणता विमा आहे?

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर विमा घ्याच असा केंद्रीय कायदा नाही, सक्ती विद्यापीठाची असते. जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसावर मात्र नियमच आहे: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण, पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी २५,०००, रुग्णाला हलवण्यासाठी ५०,०००, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण स्वतः भरायची रक्कम, ५०० डॉलरपेक्षा जास्त नको.

विद्यार्थ्यांकडे साधारण दोन प्रकारच्या पॉलिसी असतात. एक विद्यापीठाची, जिचा हप्ता फीसोबत कापला जातो. दुसरी भारतातून घेतलेली स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी. दुसरी बरीच स्वस्त पडते, म्हणून पालक विद्यापीठाची पॉलिसी माफ करून घेण्याचा अर्ज करायला सांगतात. तो अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या अटींचा तक्ता आणि आपली पॉलिसी शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. ट्रॅव्हल पॉलिसी बहुतेक वेळा अडकते ती आधीच्या आजारांच्या कलमावर.

खान्देशात हे कलम नुसतं कागदावरचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुतखडा झालेली मुलं घरोघरी आहेत. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. ट्रॅव्हल पॉलिसीत आधीपासूनचा आजार सहसा वगळलेला असतो, फार तर जिवावर बेतलं तर काही रक्कम मिळते. अमेरिकेच्या आरोग्यसेवा कायद्याच्या, म्हणजे एसीएच्या चौकटीत बसणाऱ्या विद्यापीठाच्या पॉलिसीला आधीचा आजार म्हणून नकार देता येत नाही. त्यामुळे सिकलसेल, दमा, थायरॉईड, मधुमेह, मुतखडा यांपैकी काही असेल तर स्वस्त पॉलिसीच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि आजार लपवून पॉलिसी घेणं तर मुळीच नको. क्लेमच्या वेळी जुने रिपोर्ट मागवले जातात, आणि लपवलेलं उघडं पडलं की आख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

निघण्याआधी

दात आणि डोळे घरीच उरकून घ्या. दोन्ही गोष्टी मूळ विम्यात बहुधा नसतात किंवा अगदी नावापुरत्या असतात. रूट कॅनॉल अर्धवट ठेवून ‘देखू पुढे’ म्हणत विमानात बसू नये. चष्म्याची जास्तीची जोडी सोबत न्या.

चालू औषधांसाठी डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या. त्यात आजाराचं नाव, औषधाचं ब्रँडऐवजी जेनेरिक नाव, डोस, तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या फार्मासिस्टला कळत नाही.

आता नावाचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. विद्यापीठ एक धरतं, विमा कंपनी दुसरं, दवाखाना तिसरंच लिहून घेतो. त्यात चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, आणि पाटील तर एका वर्गातच तीन असतात. कार्डावर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर, प्रत्येक दवाखान्यात लिहायचं. जन्मतारखेलाही तेवढंच जपा. तिकडे आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टला जन्मलेल्याने ०५/०८ लिहिलं की ती ८ मे होते. मग विमा कंपनीच्या यंत्रणेत असा सभासदच सापडत नाही आणि क्लेम परत येतो. नकाराचं हे सर्वांत साधं कारण, आणि सापडायला सर्वांत जास्त वेळ खाणारंही हेच.

दवाखान्यात जाताना

पहिली पायरी कॅम्पसवरचं स्टुडंट हेल्थ सेंटर. ते स्वस्त असतं हे एक कारण. दुसरं असं की बऱ्याच पॉलिसींत बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्याआधी तिथून रेफरल (पुढे पाठवत असल्याची चिठ्ठी) घ्यावं लागतं, नाहीतर भरपाई कमी होते किंवा मिळतच नाही. सेंटर बंद असताना किंवा जीव धोक्यात असताना ही अट सहसा लागू नसते.

सेंटर बंद आणि दुखणं साधं, तर अर्जंट केअर, म्हणजे साध्या पण तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना. छातीत दुखणं, श्वास घेता न येणं, मोठा अपघात, न थांबणारा रक्तस्राव असेल तर इमर्जन्सी रूम. तिथे नेटवर्क (विमा कंपनीशी दर ठरवलेले डॉक्टर आणि दवाखाने) बघत बसू नका, कारण २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस’ कायद्याने आणीबाणीच्या उपचाराला नेटवर्कबाहेरचा फरकाचा बोजा रुग्णावर टाकता येत नाही. रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला मात्र हा कायदा लागू नाही, तिचं बिल वेगळं येतं आणि दणकून येतं. ट्रॅव्हल पॉलिसीवर असाल तर हे कायद्याचं कवच गृहीत धरू नका.

आणीबाणी नसेल तर आधी विमा कंपनीच्या संकेतस्थळावर डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का ते शोधा आणि मग दवाखान्यात फोन करून परत विचारा. ‘तुम्ही हा विमा घेता का?’ असं विचारू नका. घेतो असंच उत्तर येतं, कारण नेटवर्कबाहेरचेही क्लेम ते पाठवतातच. ‘माझ्या पॉलिसीच्या या नेटवर्कमध्ये तुम्ही आहात का?’ असं कार्डावरचं नेटवर्कचं नाव वाचून विचारा. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. रक्त तपासायला बाहेर पाठवणार असतील तर लॅब नेटवर्कमधली आहे ना, तेही त्याच फोनवर.

काउंटरवर कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढू द्या, कारण क्लेम पाठवायचा पत्ता मागच्या बाजूला असतो.

बिलाचं गणित

तीन शब्द पक्के हवेत. डिडक्टिबल म्हणजे वर्षात सुरुवातीला आपण स्वतः भरायची रक्कम. कोपे म्हणजे दर भेटीला ठरलेली रक्कम. कोइन्शुरन्स म्हणजे डिडक्टिबल संपल्यावर उरलेल्यातला आपला टक्का.

समजा अर्जंट केअरचं बिल ३८० डॉलर झालं. दवाखाना नेटवर्कमध्ये आहे आणि कंपनीशी ठरलेला दर २२० आहे. तर १६० डॉलर तिथेच गळतात, ते कुणीच भरायचे नाहीत. तुमचं डिडक्टिबल १०० आहे, ते अजून भरलेलं नाही, म्हणून १०० तुमचे. उरले १२०. पॉलिसी ८० टक्के देते, म्हणजे ९६ कंपनीचे आणि २४ तुमचे. एकूण तुमच्याकडून १२४.

आता तोच दवाखाना नेटवर्कबाहेर असेल आणि नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल ३०० असेल तर? कंपनी मान्य करते २२०, ते सगळे डिडक्टिबलमध्येच जिरतात. कंपनी देते शून्य. दवाखाना मागतो पूर्ण ३८०. ‘विमा असून उपयोग काय’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून उगवते.

भेटीनंतर विमा कंपनीकडून ईओबी (एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स) नावाचा, कुणी किती भरायचं याच्या हिशेबाचा कागद येतो. त्यावर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं. ते खरंच बिल नसतं. त्यातल्या ‘रुग्णाची जबाबदारी’ या रकान्यातला आकडा आणि दवाखान्याच्या बिलातला आकडा जुळला तरच पैसे भरायचे. ईओबी येण्याआधीच दवाखान्याचं बिल आलं तर घाबरून भरू नका. फोन करून विचारा: विम्याकडे पाठवलंय का? कोणत्या तारखेला? कोणत्या सभासद क्रमांकावर? मात्र बिल फाईलमध्ये टाकून विसरूही नका. घर बदललेल्या मुलांची बिलं जुन्या पत्त्यावर पडून राहतात आणि काही महिन्यांनी थेट वसुली एजन्सीचं पत्र येतं. पत्ता विद्यापीठात बदलला म्हणजे दवाखान्यात आणि विम्यात बदलला, असं होत नाही.

इमर्जन्सी रूमला गेलात तर हॉस्पिटल, तिथला डॉक्टर, एक्स-रे वाचणारा, लॅब असे प्रत्येकाचे वेगळे क्लेम येऊ शकतात. पहिलं भरलं म्हणून सुटलो असं समजू नये.

क्लेम स्वतः पाठवायचा असेल तर

नेटवर्कमधला दवाखाना क्लेम स्वतः पाठवतो. नेटवर्कबाहेरचा डॉक्टर असेल, आधी पैसे भरले असतील किंवा कार्ड हाती येण्याआधीच आजारी पडलात, तर काम आपल्यावर येतं.

क्रेडिट कार्डाची स्लिप किंवा ‘एकूण बाकी’ एवढंच लिहिलेलं पत्र इथे कामाचं नाही. काउंटरवर ‘आयटमाइज्ड बिल’ किंवा ‘सुपरबिल’ मागा आणि तिथेच उभं राहून वाचा. त्यात रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख, उपचाराची तारीख, डॉक्टरचं नाव-पत्ता, डॉक्टरचा दहा आकडी ओळख क्रमांक म्हणजे एनपीआय, नऊ आकडी टॅक्स आयडी, आजाराचा आयसीडी-१० कोड, प्रत्येक सेवेचा पाच अक्षरी सीपीटी कोड आणि प्रत्येक ओळीसमोर रक्कम हवी. आजाराचा कोड नसेल तर क्लेम हमखास परत येतो. सीपीटी कोडवर नजर टाकायला शिका. ९९२०३ हा नव्या रुग्णाच्या साध्या भेटीचा, ९९२१३ हा जुन्या रुग्णाच्या साध्या भेटीचा. दुसऱ्यांदा गेलात आणि नव्या रुग्णाचा कोड लागला असेल तर चूक दुरुस्त करून मागा, तो महाग असतो.

वार्षिक तपासणीचंही असंच. एसीएच्या पॉलिसीत नेटवर्कमधली प्रतिबंधक तपासणी आणि लसी फुकट असतात. पण त्याच भेटीत ‘गुडघाही दुखतोय’ म्हणून वेगळी तपासणी झाली की दुसरा कोड लागतो आणि पैसे लागतात. गुडघा दाखवायचा तर दाखवा, फक्त बिल येणार हे माहीत असू द्या.

औषधांसाठी दुकानाच्या गल्ल्यावरची पावती चालत नाही. पिशवीला स्टेपल केलेला फार्मसीचा कागद हवा, ज्यावर औषधाचं नाव, एनडीसी (औषधाचा ओळख) क्रमांक, गोळ्यांची संख्या, किती दिवसांचं औषध, डॉक्टरचं नाव आणि भरलेली रक्कम असते. तो कागद आपण घरी येताच कचऱ्यात टाकतो. टाकला असेल तर फार्मसी परत छापून देते. कूपनवर औषध विम्यापेक्षा स्वस्त मिळालं तर घ्या, पण मग विमा आणि कूपन एकत्र चालत नाहीत.

फॉर्ममध्ये सभासद क्रमांक आणि ग्रुप क्रमांक कार्डावरून जसेच्या तसे उतरवा. ‘रुग्णाचं नातं’ इथे ‘स्वतः’. अपघात असेल तर कसा, कुठे, कधी हे दोन ओळींत. सही विसरू नका, कारण बिनसहीचा फॉर्म न बघता परत येतो. सोबत आयटमाइज्ड बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा. सगळ्याची एक पीडीएफ स्वतःकडे ठेवा, शक्यतो पोर्टलवरूनच चढवा आणि आलेला पोच क्रमांक फाईलच्या नावातच घाला. मुदत पॉलिसीत बघा. बऱ्याच ठिकाणी ती उपचारापासून ९० दिवसांची असते. सेमिस्टर संपल्यावर बघू म्हटलं की ती गेलेली असते.

क्लेम अडकतो तो पत्रांमुळे

कंपनीकडून एक साधं पत्र येतं: ‘तुमच्याकडे दुसरा विमा आहे का?’ उत्तर जाईपर्यंत क्लेम थांबवून ठेवतात. मुलं ते जाहिरात समजून टाकून देतात. उत्तर ‘नाही’ असलं तरी कळवावं लागतं, आणि भारतातली पॉलिसी चालू असेल तर तीही सांगावी लागते. पाय मुरगळला, हात मोडला अशा क्लेमवर दुसरं पत्र येतं: अपघात कसा झाला, कुणाच्या गाडीने, कामावर असताना का? खर्च दुसऱ्या कुणाच्या विम्यावर टाकता येतो का, हे त्यांना तपासायचं असतं. त्याचंही उत्तर लगेच पाठवा.

नकार आला तर कारणाचा कोड वाचा. कागद अपुरे असतील तर अपील नको, दुरुस्त क्लेम परत पाठवा. ‘वैद्यकीयदृष्ट्या गरज नव्हती’ असं असेल तर डॉक्टरकडून गरजेचं पत्र घ्या आणि अपील करा. एसीएच्या चौकटीतल्या पॉलिसीत अंतर्गत अपिलाला नकारापासून १८० दिवस असतात. तेही फेटाळलं तर कंपनीबाहेरच्या स्वतंत्र फेरतपासणीचा अर्ज करायला चार महिने. अपिलात रडगाणं नको. क्लेम क्रमांक, तारीख, नकाराचं कारण, पॉलिसीतलं कोणतं कलम आपल्या बाजूचं आहे आणि सोबतचे कागद, एवढं एका पानात बसतं.

विमा देऊन उरलेली रक्कम झेपत नसेल तर हॉस्पिटलच्या ‘फायनान्शियल असिस्टन्स’ विभागाला विचारा. करमाफी असलेल्या ना-नफा हॉस्पिटलांना असं धोरण कायद्याने ठेवावंच लागतं आणि पहिल्या बिलापासून किमान २४० दिवस अर्ज घ्यावा लागतो. कोण पात्र ते प्रत्येक हॉस्पिटल आपापलं ठरवतं. विचारायला लाज कसली. बिनव्याजी हप्तेही मागून मिळतात.

भारतातली पॉलिसी असेल तर

भरती व्हायची वेळ आली की पॉलिसीवरच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर आधी फोन. शक्य नसेल तर पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत. कॅशलेस सहसा भरती झाल्यावरच मिळतं, ओपीडीचे पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे. आयटमाइज्ड बिल आणि डॉक्टरांच्या नोंदींसोबत पासपोर्टची पानं, व्हिसा आणि प्रवेशाची नोंद, पॉलिसीची प्रत, रद्द केलेला चेक लागतो. अमेरिकेत आजकाल पासपोर्टवर शिक्का असेलच असं नाही, तेव्हा आय-९४ ही प्रवेशाची ऑनलाइन नोंद डाउनलोड करून जोडा.

पैसे रुपयांत, भारतातल्या खात्यावर येतात. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय धरते आणि मग आलेली रक्कम अडकते. चोपडा किंवा अमळनेरच्या शाखेत उघडलेलं शाळेतलं खातं चेकवर देण्याआधी ते चालू आहे का, केवायसी झालंय का, हे घरच्यांनी पाहून घ्यावं.

कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग विमा नियामक इर्डाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल. तक्रार करून महिना झाला किंवा नकार आला की विमा लोकपालाकडे जाता येतं, एका वर्षाच्या आत. खान्देशासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा तिथे होतो.

इतर देश

ब्रिटनमध्ये व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, क्लेमच नसतो. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नोंदणी करा. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड लागतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये फुकट. उत्पन्न कमी असेल तर एचसी१ फॉर्म भरून सूट मिळते.

जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांनी सरकारी विमा घ्यावा. कार्ड दाखवलं की डॉक्टरचं काम होतं, औषधाला साधारण ५ ते १० युरो आणि हॉस्पिटलात दिवसाला १० युरो एवढंच. खासगी विमा घेतलात तर बिल आधी स्वतः भरून मागावं लागतं, आणि एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण चालू असेपर्यंत परत येणं जवळपास अशक्य.

ऑस्ट्रेलियात ओएसएचसी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा, ही व्हिसाचीच अट आहे. जीपीची सरकारी दरातली पूर्ण रक्कम मिळते, तज्ज्ञ डॉक्टरची ८५ टक्के. डॉक्टरने सरकारी दरापेक्षा जास्त घेतलं तर फरक आपला. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच ‘थेट माझ्या ओएसएचसीला बिल लावता का?’ हे विचारा. पावतीवर आयटम क्रमांक (साध्या भेटीचा २३) आणि डॉक्टरचा प्रोव्हायडर क्रमांक असला की ॲपवरून फोटो पाठवून क्लेम होतो. आधीच्या आजाराला १२ महिने थांबावं लागतं, मानसिक आजाराला २.

घरच्यांनी फोन करायचा तर

मूल अठरा वर्षांचं झालं की अमेरिकेतली विमा कंपनी आणि हॉस्पिटल आई-वडिलांशी त्याच्या उपचाराबद्दल सहसा बोलत नाहीत. पप्पांनी भुसावळहून कितीही विनवलं तरी उत्तर एकच. त्यासाठी मुलाने आधीच पोर्टलवरून ‘हिपा ऑथरायझेशन’ फॉर्मवर आई-वडिलांचं नाव देऊन ठेवायचं, शक्यतो पोचल्याच्या महिन्यात. फोनची वेळ: पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. सोमवारी रांग लांब असते. प्रत्येक फोनचा संदर्भ क्रमांक मागून घ्या.

सुट्टीत घरी आल्यावर आजारी पडलात तरी विद्यापीठाची काही पॉलिसी भारतातला खर्च नेटवर्कबाहेरच्या दराने देते. तेव्हा जळगावच्या डॉक्टरकडूनही पक्कं छापील बिल घ्या: लेटरहेड, इंग्रजीत निदान, नोंदणी क्रमांक, तारीख, प्रत्येक तपासणीची वेगळी रक्कम. मेडिकलमधून बॅच क्रमांकासह संगणकाचं बिल घ्या आणि त्या दिवसाचा डॉलरचा दर छापून सोबत जोडा.